रानकाकडीच्या दोन चिठ्ठ्या

मंगळवारी सकाळी साडेदहाला खळताईंचं डोकं फिरलं आणि गुरुवार उलटेपर्यंत ते काही ठिकाणावर आलं नाही.

तसं त्यांचं डोकं फिरायला फार काही लागत नसे. कुणी ओल्या हाताने कपाट उघडलं, कुणी कागदांची थप्पी उलटी ठेवली, कुणी त्यांच्या कुंचल्याने स्वतःच्या टेबलावरची धूळ झटकली, की झालं. वाळक्या झाडांच्या त्या दप्तरखान्यात त्या चौतीस वर्षं काम करत होत्या. काम एकच. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची आणि दाबून सुकवलेली झाडं, वेली, गवतं जाड कागदावर डकवायची. एका कोपऱ्यात मोठी पट्टी लावायची: झाड कुठे मिळालं, कधी मिळालं, कितवा नमुना. दुसऱ्या कोपऱ्यात छोटी चिठ्ठी लावायची: तिथली माणसं त्या झाडाचं काय करतात. हिला सगळे वापरचिठ्ठी म्हणत. मग वजनाखाली ठेवायचं, सुकलं की कपाटात. येत्या महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी कुणालाच घेणार नव्हते, कारण वरच्या लोकांच्या मते हे काम कुणीही करू शकतं.

"कुणीही करू शकतं म्हणे!" त्या घरी सुनेला म्हणाल्या होत्या. "या म्हणावं, करून दाखवा. नेच्याचं पान उचलताना हात जरा हलला की झाला भुगा. मग बसा फुंकर मारत."

तर त्या मंगळवारी छापखान्यातून पुस्तिकांचे गठ्ठे आले. रानफळांची माहिती देणारी, शाळेतल्या मुलांसाठीची पुस्तिका, आणि ती लिहिली होती डॉक्टरांनी. डॉक्टर म्हणजे दप्तरखान्याचे प्रमुख. माणसांचे नव्हेत, झाडांचे डॉक्टर. खळताईंपेक्षा आठ वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता. कुणावर आवाज चढवत नसे, स्वतःचा कप स्वतः विसळत असे. फक्त एखादी गोष्ट कागदावर लिहिलेली असली की ती त्यांना डोळ्यांनी पाहिल्यापेक्षा खरी वाटायची.

त्यांनी कौतुकाने एक पुस्तिका खळताईंच्या पुढ्यात ठेवली. ताईंनी हात पुसले, चष्मा लावला, पानं उलटली आणि अकराव्या पानावर थांबल्या. त्या पानावर रानकाकडी होती. दोन जातींची, म्हणून नकाशाही दोन रंगांत. शहरामागची टेकडी हिरवी, समुद्राचा किनारा तांबडा. खाली मजकूर होता.

टेकडीवरची रानकाकडी. मूळ प्रदेश: टेकडीचा खडकाळ उतार आणि वरचं पठार. वापर: कोवळी फळं मुलं येताजाता तोडून खातात; मोठी माणसं चकत्या करून, मीठ लावून वाळवतात; मासेमारीला जाणारे तहानेसाठी होडीत सोबत नेतात.

किनाऱ्यावरची रानकाकडी. मूळ प्रदेश: वाळूचे उंचवटे आणि खाडीचं तोंड. वापर: फळ वाटून गुरांच्या गोचिडांवर लावतात; मुळीचे तुकडे किडीसाठी धान्यात घालतात; मुलाचं अंगावरचं दूध तोडताना आया फळाचा रस लावतात. फळ अतिशय कडू. पोटात गेल्यास उलट्या, जुलाब, क्वचित जिवावर बेतते.

आणि सगळ्यात खाली, रंगीत चौकटीत: "मुलांनो, टेकडीवर जाल तेव्हा ही रानकाकडी जरूर चाखून पाहा!"

खळताईंची नात ठकू तिसरीत होती, आणि तिच्या वर्गाची सहल शुक्रवारी त्याच टेकडीवर जायची होती.

"डॉक्टर, हे उलटं झालंय," त्या म्हणाल्या.

"काय उलटं झालंय?"

"टेकडीवरची कडू असते. कडूजहर. खातात ती किनाऱ्यावरची."

डॉक्टर हसले. रागावले असते तर परवडलं असतं. "ताई, नमुन्यावर चिठ्ठी आहे. थोरल्या साहेबांच्या हातची."

"अहो, पण होडी! टेकडीवर होडी कुठून आली हो? कुणी डोक्यावर घेऊन चढलं का?"

"त्यावर माझ्या प्रबंधात एक पूर्ण प्रकरण आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "टेकडी आणि किनारा यांच्यात पूर्वी फळांची देवाणघेवाण होती. चिठ्ठी हाच त्याचा पुरावा."

खळताईंना वाटलं, खळीचं पातेलं उचलावं आणि या माणसाच्या डोक्यावर उपडं करावं.

"माझी आई टेकडीखालची होती," त्या म्हणाल्या. "माझं दूध तिने त्याच काकडीने तोडलं. मला सांगायची, एकदा चाटलंस आणि दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाहीस."

"लोकांची गल्लत होते ताई. दोन्ही वेली सारख्याच दिसतात. म्हणून तर आपण नमुने ठेवतो ना!" असं म्हणून डॉक्टर निघून गेले, आणि जाताना सांगून गेले की उद्यापासून गठ्ठे शाळांना पाठवायला घ्या.

खरं कारण खळताईंच्या जिभेवर आलं होतं. पण चौतीस वर्षं गिळलेली गोष्ट अशी एका दमात बाहेर पडत नाही.

झालं होतं ते असं. खळताई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या, नोकरीला तीन आठवडे झालेले, आणि सहा महिने काम बघून मग ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. थोरले साहेब, म्हणजे ज्यांनी हा दप्तरखाना उभा केला ते, रानकाकडीचे दोन नमुने घेऊन आले. चारशे अकरा टेकडीचा, चारशे बारा किनाऱ्याचा. वेली डकवून झाल्या, मोठ्या पट्ट्या लागल्या, दोन वापरचिठ्ठ्या टेबलावर राहिल्या. तेवढ्यात कुणीतरी पंखा लावला. चिठ्ठ्या उडाल्या, एक कपाटाखाली गेली, एक खुर्चीखाली. खळताईंनी दोन्ही शोधल्या, आणि कोणती कुठली हे न कळून अंदाजाने लावून टाकल्या. मजकूर तरी धड वाचायचा! पण साहेबांचं अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं, आणि विचारायला जावं तर बाई कामात ढिल्या आहेत असा शेरा पडायचा. दोन वाळक्या वेलींचं कुणाला काय पडलंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

तीन महिन्यांनी साहेब त्यांच्या पाठीशी उभे राहून काम बघत होते. म्हणाले, "पोरी, चिठ्ठीच्या मागे मी पेन्सिलने नमुन्याचा आकडा घालतो. तो बघत जा आणि मगच डकवत जा." खळताई "हो" म्हणाल्या. कान गरम झाले होते. पण तोवर ते दोन कागद मूळ नमुने ठरून लाल किनारीच्या पाकिटात गेले होते. मूळ नमुना म्हणजे ज्याच्यावरून त्या झाडाचं नावच ठरलं तो. त्याला हात लावायचा नाही, ओलं करायचं नाही, त्यावरचं काही काढायचं नाही. पुढे स्वतःच्या मुलाचं दूध तोडायची वेळ आली तेव्हा आईने काकडीची गोष्ट सांगितली, आणि अंदाज चुकला होता याची खात्रीच पटली. तरी त्या गप्प राहिल्या. मग साहेब गेले. मग डॉक्टर आले, तरुण, उत्साही, आणि त्यांनी याच दोन काकड्यांवर चोवीस वर्षांपूर्वी प्रबंध लिहिला. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं.

बुधवारी त्या पुस्तिका घेऊन आधी ठकूच्या शाळेत गेल्या. वर्गशिक्षिका चांगली होती, बसायला खुर्ची दिली. सगळं ऐकून म्हणाली, "पण आजी, पुस्तिकेत तर खायची आहे असं लिहिलंय. डॉक्टरांनी स्वतः लिहिलंय."

"डॉक्टरांनी चुकीचं लिहिलंय."

"असं कसं होईल?"

खळताई पुस्तिका उचलून उठल्या. घरी सुनेला सांगितलं तर ती पटकन म्हणाली, "मग ठकूला नकोच पाठवायला. ताप आलाय म्हणून कळवते."

"आणि बाकीची एकेचाळीस? त्यांना कोणाचा ताप आणू?"

सुनेने हातातला फोन खाली ठेवला. ठकूने मात्र भोकाड पसरलं, कारण तिला सहलीला जायचंच होतं आणि आजी उगाच मध्ये आली होती.

दुपारी अर्धी रजा टाकून खळताई टेकडी चढल्या. छप्पन्न वर्षांच्या गुडघ्यांनी जागोजागी शिव्या घातल्या. वेल शोधावी लागलीच नाही. जिकडेतिकडे पसरली होती, दगडांवर, कुंपणांवर, पाण्याच्या टाकीवर. बोटभर लांबीची हिरवी फळं, पांढरे पट्टे, अंगावर मऊ काटे. दिसायला इतकी गोजिरवाणी की कुणीही तोंडात टाकावं. त्यांनी नखाने एक फळ उकललं आणि जीभ टेकवली. घशापर्यंत कडू गेलं. बाटलीभर पाणी प्यायल्या तरी घरी पोचेपर्यंत तोंड वाकडंच होतं.

गुरुवारी सकाळी चार फळं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "घ्या. चाखा."

"ताई, आम्ही झाडं चाखत नाही. शास्त्रात तसं चालत नाही."

"चोवीस वर्षांपूर्वी टेकडीवर गेला होतात ना? तेव्हाही नाही चाखलीत?"

"मी पानांचे कोन मोजले," डॉक्टर म्हणाले. "चारशे चाळीस पानांचे."

"अहो, मी चाखलीय! कडूजहर आहे!"

"काकडी कडू निघतेच कधीकधी. पाणी कमी पडलं, ऊन जास्त झालं की घरच्या परसातलीही निघते. एका वेलीवरून काय ठरवणार? आपल्याकडे नमुना आहे."

नमुना, नमुना, नमुना! खळताईंनी खुर्ची ओढली आणि न विचारता बसल्या.

"त्या नमुन्यावरची चिठ्ठी मी डकवली," त्या म्हणाल्या. "उडाल्या होत्या दोन्ही. मी अंदाजाने लावल्या. साहेबांनी मागे आकडे घातलेत, ते मी तेव्हा पाहिले नाहीत. चिठ्ठी उचला आणि बघा."

डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. मग पुस्तिकेवर हात ठेवून म्हणाले, "इतक्या वर्षांनी तुम्हाला असं वाटतंय. वाटण्यावर मूळ नमुना ओला करता येत नाही. वरून परवानगी लागेल. अर्ज करू आपण. महिना-दोन महिन्यांत येईल."

"सहल उद्या आहे."

"ताई, माझं ऐका—"

"चौतीस वर्षं सगळ्यांचंच ऐकतेय!"

त्या तरातरा निघाल्या. कपाटांची किल्ली त्यांच्याकडेच असायची, ते एक बरं होतं. त्यांनी लाल किनारीचं पाकीट काढलं, चारशे अकराचा कागद टेबलावर पसरला आणि कोपऱ्यातली विजेची किटली लावली. खळ पिठाची. वाफ दिली की सुटते, घाई केली की कागद फाटतो. चिठ्ठीवर त्यांनी ओलसर टीपकागद धरला, त्यावर वाफ घेतली, थांबल्या, पुन्हा घेतली. पातळ पातं हळूच एका कोपऱ्याखाली सरकवलं. कोपरा उठला. हात एकदम शांत होते. हे काम त्यांना येत होतं.

अर्धी चिठ्ठी सुटली आणि दार उघडलं.

"ताई! काय करताय हे!"

"ओरडू नका. हात हलेल."

"मूळ नमुना आहे तो! बंद करा आधी ते!"

"आता बंद केलं तर मध्येच वाळेल आणि दोन तुकडे होतील," खळताई मान वर न करता म्हणाल्या. "तुम्हाला तुकडे हवेत का? नको असतील तर तो चिमटा घ्या आणि हा कोपरा धरा. ओढू नका. नुसता धरा. श्वास दुसरीकडे सोडा."

डॉक्टर काय करणार? धरला त्यांनी चिमटा. खांद्याला खांदा लावून दोघं वाकून उभे राहिले. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता आणि खळताई मध्येमध्ये "वर नाही, बाजूला," "अहो, हळू," "पानांचे कोन मोजलेत ना, मग एक कोपरा धरता येत नाही?" असं करवादत होत्या. दहा मिनिटांनी चिठ्ठी अख्खी सुटली. खळताईंनी ती पात्यावर तोलून उलटी केली आणि कोऱ्या कागदावर ठेवली.

मागे पेन्सिलीने, कोंबडीच्या पायांच्या त्याच अक्षरात, आकडा होता: ४१२.

टेकडीच्या कागदावर किनाऱ्याची चिठ्ठी. किटली तेवढी बुडबुडत होती, ती खळताईंनी बंद केली. डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांचा प्रबंध, त्यातलं ते देवाणघेवाणीचं प्रकरण, तीन हजार पुस्तिका, सगळं त्या दोन इंची कागदावर उताणं पडलं होतं. खळताईंना त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा आणखी राग आला.

"फोन करा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी फोन केला. आधी शाळेला. मुख्याध्यापिकेने पण असं कसं होईल म्हणून विचारलंच. डॉक्टर म्हणाले, "झालंय. अकरावं पान फाडून टाका. टेकडीवरच्या काकडीला एकाही मुलाने हात लावायचा नाही." मग छापखान्याला, मग ज्या ज्या शाळांना आदल्या दिवशी गठ्ठे गेले होते त्यांना. तासभर ते तेच तेच वाक्य बोलत होते आणि दर वेळी आवाज थोडा खाली जात होता. तोवर खळताईंनी चारशे बाराचीही चिठ्ठी सोडवली. तिच्या मागे ४११ होतं, दुसरं काय असणार?

फोन संपल्यावर डॉक्टर टेबलाशी आले. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी पडल्या होत्या.

"ताई," ते हळूच म्हणाले, "खळ तयार आहेच. ही तिकडे, ती इकडे. पाच मिनिटांचं काम. मुलांचं संकट टळलं. तुम्ही महिनाअखेरीला जाताय, निरोपाचा कार्यक्रम आहे. कशाला उगाच तुमच्यावर बोट? माझं मी बघेन, छापताना चूक झाली म्हणेन."

ते मनापासून बोलत होते, हे खळताईंना कळत होतं. मोह झाला नाही असंही नाही. पाच मिनिटं, आणि चौतीस वर्षांचं ओझं कुणाच्या नजरेलाही न पडता गळून जाणार होतं.

"आणि उद्या कुणी तुमचा प्रबंध वाचून हा कागद बघायला आला तर?" त्या म्हणाल्या. "त्याला वाटेल तुम्ही वेडे होतात. असं नाही चालत डॉक्टर. कागदावरचं काही हललं की काय हललं, कधी हललं, कोणी हलवलं, हे तिथेच लिहायचं असतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मीच शिकवते हे."

त्यांनी दोन कोऱ्या चिठ्ठ्या कापल्या आणि न पुसणाऱ्या शाईचं पेन घेतलं. दोन्हींवर सारखाच मजकूर लिहिला: "नमुना ४११ व ४१२ यांच्या वापरचिठ्ठ्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली. तीन महिन्यांत शंका आली, तीन वर्षांत खात्री पटली. नोकरी जाईल या भीतीने सांगितले नाही. आज दुरुस्त केले." खाली तारीख घातली. त्याखाली संपूर्ण नाव लिहिलं, अगदी माहेरच्या आडनावासकट. अक्षर जरा वाकडं आलं.

डॉक्टरांनी वाचलं. "भीतीचं लिहायची गरज नव्हती."

"होती."

डॉक्टरांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग त्यांनी पेन मागून घेतलं, खाली वाकले आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर ताईंच्या नावाखाली एकेक ओळ घातली: "टेकडीवर जाऊन आलो, फळ चाखले नाही." आणि सही केली.

खळताईंनी चारही चिठ्ठ्यांना खळ लावली आणि आकडे तीनतीनदा बघत एकेक जागेवर बसवली. त्या दप्तरखान्यातले चाळीस हजार कागद त्यांच्या हातून गेले होते. प्रत्येकावर नावं होती. झाडाचं, ते गोळा करणाऱ्याचं, ओळखणाऱ्याचं, कुठेकुठे तर ज्याच्या बांधावर उगवलं त्या शेतकऱ्याचंही. डकवणारीचं नाव लिहायची पद्धतच नव्हती. त्यांचं नाव आता फक्त या दोन कागदांवर होतं, आणि तेवढ्यावरच राहणार होतं. त्यांनी टीपकागद ठेवला, वर वजन ठेवलं, आणि मग त्यांना रडू फुटलं, तेही चिडूनच.